जळकोटला भरदुपारी शुक्र बघायला

बार्शीला जातो म्हणून घर सोडलं आणि पोचलो जळकोटला. आमच्या कळंबहून बार्शी मावळतीला, आणि जळकोट खाली दक्षिणेला, पार नळदुर्गाच्या पलीकडं. तेव्हा वाट चुकली असं म्हणायची सोय नाही. बार्शीला मामाचं किराणा दुकान आहे, तिथं गल्ल्यावर बसायचं ठरलं होतं. आईनं दशम्या बांधल्या, चटणीची पुरचुंडी दिली आणि "ह्या खेपंला तरी टिकून ऱ्हा रे बाबा" म्हणत दारापर्यंत आली. माझं टिकणं तिला ठाऊक आहे. शाळा चौथीत सुटली, मग जिनिंगमध्ये होतो, मग एका शिंप्याकडं काजं करायला, मग काही दिवस नुसताच.

बार्शीकडं जाणारी गाडी हुडकत बाजारात हिंडत होतो. दिवाळी होऊन गेली होती, शेंगांची पोती रस्त्यावर आली होती. एका पोत्यावर पागोटंवाला माणूस बसला होता आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हटकत होता.

"ओ पाव्हणं, डोळे धड हायत का?"

"धड म्हंजे?"

"त्या लिंबावर काय बसलंय?"

"व्हले. एक न्हाई, दोन पाखरं हायत."

"बरं. जळकोटला कुणी सोयरा-धायरा?"

"न्हाई. जळकोट कदी बघितलंबी न्हाई."

माणूस असा खूश झाला की मूठभर शेंगा माझ्या हातात कोंबल्या. तो जळकोटचा शेंगांचा व्यापारी. म्हणाला, "आमच्या गावात हमीद मास्तर हायत. उर्दू शाळेतून रिटायर झालेले. दुर्बिणीतून दिवसा शुक्र दावत्यात. भरदुपारी! त्यास्नी असाच मानूस पायजे. परका, डोळे धड, आन् काईसुदिक ऐकलेलं न्हाई असा."

"काय दिसतं त्यात?"

शेंगावाल्यानं तोंड मिटलं. एक शेंग फोडली. "त्ये सांगायचं न्हाय. सांगितलं की मानूस बाद."

एवढं बोलून गप्प बसला असता तर कदाचित मी बार्शीला गेलोही असतो. पण त्यानं पुढचं सांगितलं. आठ वर्षांपूर्वी मास्तरांनी शुक्रावर काहीतरी बघितलं होतं. एकट्यानं. कुणाचा विश्वास बसला नाही. शुक्र आठ वर्षांनी फिरून त्याच दिवसांत, सूर्याजवळ त्याच ठिकाणी येतो, आणि ते दिवस आता आले होते. मास्तरांना दुसरा साक्षीदार हवा होता. ईदच्या चांदाला एकाची साक्ष पुरत नाही, दोघं लागतात, आणि त्या दोघांना वेगवेगळं बसवून विचारतात, तसंच. जळकोटात माणसं कमी नाहीत, पण सगळ्या गावानं मास्तरांची हकिकत शंभरदा ऐकलेली. ऐकलेला माणूस ऐकलेलंच बघतो. म्हणून अख्खं गाव साक्षीला बाद.

"चार-पाच दिसांत त्यो निसटतोय," शेंगावाला म्हणाला. "मग पुन्ना आट वर्सं. मास्तरचं वय काय आता ऱ्हायलंय?"

मामाचा गल्ला कुठं पळत होता?

येरमाळ्यापर्यंत कडब्याच्या गाडीत बसून गेलो. येरमाळ्याहून मोटार मिळते, पण ती कोळशावर चालणारी. मागं भट्टी आणि पुढं माणसं. चढ आला की क्लीनर भट्टीत सळई घालून ढवळतो आणि मर्द उतारू खाली उतरून ढकलतात. तिकिटाचे पैसे दोघांचेही सारखेच, ढकलणाऱ्याचे आणि बसणाऱ्याचे. मी कंडक्टरला हे बोलून दाखवलं तर म्हणाला, "साब, ढकलनेवाले को हवा फुकट मिलती." जाणाऱ्यांसाठी सांगतो: बार्शी-सोलापूरकडून येणार असाल तर कलदार, म्हणजे इंग्रजी पैसे नाक्यावरच मोडून निजामाचा हाली सिक्का घ्या. हॉटेलात कलदार काढलात की हिशेब तुमच्या तोंडाकडं बघून होतो. आणि करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या नाक्यावर पेटी उघडायला लावतात, तेव्हा वर धोतरं ठेवा, खाण्याचं खाली. मोटारीत बार्शीकडून आलेला एक उतारू होता, त्याचा गुळाचा खडा तपासता तपासता निम्मा झाला.

धाराशिवला, म्हणजे सरकारी बोर्डावर उस्मानाबादला, मी संध्याकाळी उतरलो. सकाळची तुळजापूरची मोटार होती. पण धर्मशाळेत एकानं लेण्यांचं नाव काढलं. गावाबाहेर डोंगरात लेणी आहेत, वाट शेळ्यांची आहे, आणि शेळ्याही अशा काळ्या तुकतुकीत की तेल लावून सोडल्यासारख्या. लेण्यात आत गारवा, भिंतीवर पाझरणारं पाणी, आणि वटवाघळांचा वास. बसलो ते दुपार झाली. मोटार गेली. मग दुसऱ्या दिवशी तुळजापूर. तिथं पुजाऱ्यांच्या घरी उतरायची सोय होते. पुजारीकाकूंनी ज्वारीची भाकरी, वांग्याचं भरीत आणि शेंगदाण्याची चटणी वाढली आणि वर विचारलं, "नवस फेडायला आलात का बोलायला?" मी म्हणालो, "शुक्र बघायला." त्या म्हणाल्या, "अहो, शुक्राचा तर अस्त चाललाय. लग्नंसुद्धा थांबलीत. कुठं दिसणार?" पंचांग बरोबरच बोलत होतं. डोळ्यांना तो दिसत नव्हता. सूर्याच्या पार कुशीत शिरला होता.

हे ऐकल्यावर सरळ पुढं जायचं की नाही? नळदुर्गला मोटार पाणी प्यायला थांबली, मी किल्ला बघायला उतरलो. दोष माझा नाही, पाणीमहालाचा आहे. नदीला बांध घातलाय आणि बांधाच्या पोटात महाल बांधलाय. खिडकीत बसावं तर डोक्यावरून पाणी कोसळतंय आणि आपण कोरडे. पाऊसकाळ संपला होता, तरी धार बऱ्यापैकी होती. एक मौलवी आपल्या नातवाला सांगत होते की बांधणाऱ्यानं पाण्याला फसवलं. नातू म्हणाला, "नाही दादाजान, पाण्याला कळलंच नाही." मी त्यांच्या गप्पांत अडकलो. खाली आलो तर मोटार गेलेली. जळकोट अजून काही कोस. मग चालत, मग एका तुरीच्या गाडीवर बसून, धुरळ्यानं पांढरा होऊन दिवस मावळायच्या आधी जळकोटला टेकलो.

हैदराबाद रस्त्याला लागूनच शिवाप्पांचं हॉटेल आहे. एक पत्र्याचं छप्पर, दोन बाकडी, एक मोठी किटली. शिवाप्पा अर्धं मराठी आणि अर्धं कानडी बोलतात, आणि चहात गूळ असा घालतात की चमचा उभा राहावा. बाकड्यावर तीन-चार शेतकरी बसले होते. मी विचारलं, "हमीद मास्तर कुठं राहतात?"

सगळे एकमेकांकडं बघायला लागले.

"कशाला?" शिवाप्पांनी विचारलं.

"शुक्र बघायला. कळंबहून आलोय."

"काई ऐकलंय का?"

"न्हाई."

"कायबी?"

"शेंगावाल्यानं तोंड मिटून घेतलं."

बाकड्यावर एकदम आनंदीआनंद झाला. एक तात्या होते, मोठ्या मिशांचे, ते भरात येऊन म्हणाले, "अवो, आमचे बां–" आणि शेजारच्यानं त्यांच्या मांडीवर अशी थाप मारली की त्यांना ठसकाच लागला.

"चा पी तू," शिवाप्पा त्यांना म्हणाले. "तोंड चाला वापर."

मग मी काहीही विचारलं की तात्या वर आढ्याकडं बघायचे. मी चहा पिऊन होईपर्यंत त्यांनी ज्वारीवरचा चिकटा, तुरीचा भाव, त्यांच्या बैलाचं खूर अशा सगळ्या गोष्टी सांगितल्या, फक्त शुक्र सोडून. गावानं असं एकजुटीनं गप्प बसलेलं मी पहिल्यांदा बघितलं. मास्तरांना आठ वर्षं हसणारं हेच गाव, आणि तोच माणूस साक्षीदार शोधतोय म्हटल्यावर ओठ शिवून बसलं होतं. मला ते गाव तिथंच आवडलं.

मास्तरांचं घर मशिदीच्या पुढच्या गल्लीत. मोठं अंगण, अंगणात लिंब नाही की काही नाही, उघडं आभाळ. मध्यभागी लाकडी तिकाटण्यावर पितळेची दुर्बीण, माझ्या छातीएवढी उंच. हैदराबादेत जुन्या बाजारात मिळालेली. बाजेवर पांढऱ्या दाढीचे, सडपातळ मास्तर बसले होते. उजवा डोळा मिटल्यासारखा, डाव्यात मोतीबिंदूचा दुधी ठिपका. त्यांनी माझ्या आवाजाच्या दिशेनं तोंड केलं.

"कुठला, बेटा?"

"कळंबचा."

"बस. आधी काम, मग पाणी."

त्यांनी मला दुर्बिणीला डोळा लावायला सांगितलं. मी वाकलो. एक डोळा मिटून, श्वास धरून, चांगला वेळ बघितलं.

"काय दिसतं?"

मला लाज वाटली. एवढं लांबून आलो आणि काहीच नाही. "मास्तर, काळं दिसतंय. अंधार."

"अजून नीट बघ."

"अंधारच हाय. माझं चुकत असंल काय तरी."

मास्तर हसले, उठले आणि दुर्बिणीच्या तोंडावरची टोपी काढून माझ्या हातात दिली. झाकणच होतं वर! "काल पाटलांचा पुतण्या आला होता," ते म्हणाले. "हैदराबादला शिकतो, गावातलं काही ऐकलेलं नाही म्हणाला. ह्याच झाकणातून त्याला फार सुंदर दिसलं. वाहवा केली. मी त्याला शरबत पाजून परत पाठवला."

आतल्या दारातून बायकी आवाज आला, "गवाह मिल गया क्या? हड्डियाँ दिख रे उसकी. पैले खाना खिलाव!" ह्या रहीमाबी, मास्तरांची बेगम. मी त्यांना खाला, म्हणजे मावशी म्हणालो आणि त्यांनी मला जेवायला बसवलं. ज्वारीच्या भाकरीबरोबर दालचा, म्हणजे आंबटसर डाळ, त्यात दुधी भोपळा आणि मटणाचे दोन तुकडे. दोन्ही माझ्या ताटात आले. मास्तरांचा डोळा कसा गेला ते खालांनीच वाढता वाढता सांगितलं. आठ वर्षांपूर्वी मास्तर शाळेच्या ओसरीच्या वळचणीखाली बसून, सूर्य छपराआड ठेवून शुक्र बघत होते. बघण्यात भान राहिलं नाही. सूर्य सरकत सरकत वळचणीबाहेर आला आणि दुर्बिणीतून थेट डोळ्यात उतरला. "सुई घुसी जैसी," खाला म्हणाल्या. त्या एका डोळ्यानं जे बघितलं, ते शेवटचं.

म्हणून जाणाऱ्यांना हात जोडून सांगतो: सूर्याजवळ दुर्बीण नेऊ नका. काच लावून नको, मेण लावून नको, गंमत म्हणून तर नकोच. मास्तरांकडं बघायचं तर त्यांच्या पद्धतीनंच.

ती पद्धत दुसऱ्या दिवशी दुपारी बघितली. रॉकेलचे डबे कापून ठोकलेला एक रुंद पत्रा, काजळी फासलेला, समोरच्या घराच्या माळवदावर दोन वाशांवर उभा केलेला. त्याची सावली अंगणात दुर्बिणीवर पडते. सूर्य पत्र्याआड, आणि शुक्र त्या दिवशी सूर्याच्या थोडासा खाली, म्हणजे पत्र्याच्या खालच्या काठाखालून उघडा. सूर्य सरकला की सावली सरकते. ती दुर्बिणीवरून निसटू लागली की ओरडायचं काम खाला करतात. ते दुसऱ्या कुणाकडंच देत नाहीत. "एक आँख गई, दुसरी किसीकी नक्को," म्हणाल्या, आणि पदर खोचून दुर्बिणीशेजारी उभ्या राहिल्या, नजर पितळेवरून न हलवता.

माझा पहिला बराचसा वेळ नुसतं निळं बघण्यात गेला. पत्र्याच्या काठाखालून डावीकडून उजवीकडं, मग एक केसभर खाली, परत उजवीकडून डावीकडं. मान अवघडली. अंगणाच्या दाराशी शिवाप्पा, तात्या, पाटलांचा पुतण्या आणि निम्मं गाव उभं. सगळ्यांनी तोंडावर हात धरलेले.

आणि मग तो आला.

मी कसं सांगू? निळ्यात एक पांढरा धागा. वाकवलेला, इतका बारीक की डोळा हलला तर तुटेल असं वाटावं. तो थरथरत होता, जसं तव्यावरच्या वाफेतून पलीकडचं हलतं. आणि मोठा! चवथीच्या चंद्राहून मोठा वाटला, पण चंद्रासारखे डाग नाहीत, खड्डे नाहीत, काही नाही. कोरा, दुधासारखा. भरदुपारी, डोक्यावर ऊन रणरणत असताना, पंचांगात मावळलेला शुक्र तिथं होता. रोज असाच असणार. आपण वर बघत नाही आणि बघितलं तरी दिसत नाही, एवढंच. माझ्या तोंडून "अगाई गं" निघालं.

"बोलू नको," मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. "मी विचारीन तेवढंच. सूर्य कुठल्या अंगाला?"

"वर. पत्र्याआड."

"शिंगं कुठं वळलीत?"

"वरच."

पाटलांचा पुतण्या दारातून म्हणाला, "खोटं बोलतोय. कोरीची शिंगं कधी सूर्याकडं असतात का? उलटी असतात!"

"दुर्बीण उलटंच दाखवते," मास्तर शांतपणे म्हणाले. "पढवलेला माणूस 'खाली' म्हणाला असता. ह्यानं दिसलं ते सांगितलं." आणि मग, "शिंगं कुठपर्यंत जातात?"

मी बघितलं. शब्द सापडेना. "सांगता येत न्हाई, मास्तर. काढून दावू का?"

खालांनी सावलीवरची नजर न काढता आत हाक मारली आणि त्यांच्या सुनेनं परातीत ज्वारीचं पीठ आणून ठेवलं. हीसुद्धा ठरलेलीच पद्धत होती, मला माहीत नव्हती इतकंच. मास्तरांना कागदावरची रेघ दिसत नाही. मी डोळा दुर्बिणीला, बोट पिठात, असा गुडघ्यावर बसलो. खालून सुरू केलं, डाव्या अंगानं वर नेलं, उजव्या अंगानं वर नेलं. चंद्राची शिंगं अर्ध्या गोलावर संपतात. ही संपत नव्हती. पातळ पातळ होत, श्वासासारखी होत वर सरकत होती, एकमेकांकडं झुकत होती. मी बोट नेत गेलो. आणि वर, अगदी माथ्यावर, दोन्हीकडून थांबलो.

मास्तर परातीपाशी बसले. त्यांचं बोट माझ्या चरीत शिरलं आणि हळूहळू फिरायला लागलं. खालून डावीकडं, वर, आणखी वर. त्यांचे ओठ हलत होते. मग दुसऱ्या बाजूनं. मग माथ्यावर येऊन बोट थांबलं. पुढं पीठ सपाट होतं.

"इथं?"

"तिथं काई न्हाई, मास्तर."

दारातून कुणीतरी श्वास सोडला.

"परत बघ, बेटा. घाई नाही."

मी बघितलं. खरं सांगतो, मला ती जागा भरलेली दिसायला हवी होती. मास्तरांचं बोट पिठात तसंच होतं. मी श्वास रोखला. वारा पडला, धागा एकदम स्थिर झाला, आणि क्षणभर वाटलं की माथ्यावर काहीतरी आहे, कोळ्याच्या जाळ्याएवढं. मग पुन्हा सगळं थरथरलं.

"काय?"

"वाटलं, हाय म्हणून."

"वाटलं की दिसलं? कसम घेशील?"

दारातले सगळे माझ्याकडं बघत होते. तात्या तर मान हलवून मला हो म्हण हो म्हण असं सांगत होते.

"न्हाई मास्तर. कसम न्हाई घेता येत."

"साया!" खाला ओरडल्या. "साया सरका! आँख निकाल!" त्यांनी माझा खांदा धरून मला मागं ओढलं. दुर्बिणीच्या तोंडाशी सावलीचा काठ आला होता. मास्तरांनी चाचपडत टोपी घातली. दुपार संपली.

शेवटी शिवाप्पाच म्हणाले, "आता तरी सांगा त्याला. आम्हाला पोटात दुखायला लागलंय."

मास्तरांनी आठ वर्षांपूर्वी पुरी बांगडी बघितली होती. अखंड, कुठंही न तुटलेली. म्हणून गाव त्यांना बांगडीमास्तर म्हणायचं, आणि तात्यांना आदल्या दिवशी ठसका लागला तो त्या शब्दाचा. मग मास्तरांनी मला समजावलं. सूर्याचा उजेड चेंडूच्या अर्ध्याच अंगावर पडतो, म्हणून कोरीची शिंगं अर्ध्याच्या पुढं जाऊ शकत नाहीत. शुक्राची जातात, कारण त्याच्याभोवती हवा आहे, जाड ढग आहेत. सूर्य मावळला तरी आपल्याकडं उजेड रेंगाळतो, तसा तो तिथल्या ढगांच्या कडेकडेनं अंधाऱ्या बाजूला शिरतो. "तू बघितलास तो शुक्र नव्हता," म्हणाले. "शुक्राची जमीन कुणीच बघितली नाही. त्याच्यावरचं आभाळ बघितलंस तू. ते कधी हटत नाही."

"कदीच न्हाई?" तात्या.

"कोणी हटलेलं पाहिलेलं नाही."

"म्हंजे बाराई म्हैने भरलेलं? मग पाऊस केवढा पडत असंल हो!"

"पडतो की नाही, खुदा जाने."

"आभाळ आमच्याकडंबी भरून येतंय की," शिवाप्पा म्हणाले. "पडत न्हाय. जळकोटच हाय म्हना ते."

सगळे हसले, मास्तरसुद्धा. पण मला कळेना मी केलं ते बरं केलं की वाईट. खाला परात उचलायला आल्या. त्यांनी चरीकडं बघितलं, माथ्यावरच्या कोऱ्या जागेकडं बघितलं, आणि मास्तरांना म्हणाल्या, "एक डोळा देऊन बांगडी आणलीत. आता तिचा हा तुकडा टाकून देणार का?" एवढं वाक्य त्यांनी मराठीत म्हटलं, सगळ्यांना कळावं म्हणून.

मास्तर उठून अंगणाच्या दारापर्यंत गेले. गावाकडं तोंड केलं. "ऐका. शिंगं अर्ध्याच्या पुढं जातात, फार पुढं जातात. ह्याला दोन साक्षी झाल्या. एक माझी, एक ह्या कळंबच्या मुलाची. इथून पुढं हे कुणी खोटं म्हणायचं नाही."

"न्हाई म्हणणार," शिवाप्पा.

"पुऱ्या बांगडीला एकच साक्ष आहे. माझी. एका साक्षीवर ईद होत नाही. तेव्हा तेवढं तुम्ही मानू नका."

"आवो, पर आमी मानतोय आता!" तात्या जवळजवळ ओरडलेच. "एवडं खरं निगालं, मग त्येबी खरंच असंल की!"

"नाही, तात्या. असं मानायचं नसतं."

मी त्यांच्याकडं बघत राहिलो. आठ वर्षं हा माणूस एका गोष्टीसाठी हसं करून घेत होता. गाव हो म्हणायला तयार झालं आणि त्यानंच हात आडवा केला. खाला पीठ मळायला घेऊन गेल्या. जेवताना त्यांनी मास्तरांच्या भाकरीवर लोणी जरा जास्त घातलं, एवढं मी बघितलं.

निघताना मी म्हणालो, "मास्तर, तुमचं नुकसान झालं माझ्यामुळं."

"कसलं नुकसान? अर्धं पदरात पडलं. अर्धं बाकी आहे." मग म्हणाले, "आठ वर्षांनी परत येईल तो. मी नसलो तर रहीमा आहे, पत्रा आहे. एक माणूस पाठव. न ऐकलेला."

परतीच्या वाटेवर कुठं उतरलो नाही. पाणीमहालासुद्धा बाहेरून बघितला. नळदुर्ग, तुळजापूर, धाराशिव, सगळीकडं मोटारीच्या खिडकीतून वर बघत आलो. माझ्या शेजारचा उतारू विचारायचा, "आभाळात इमान आलं का?" मी म्हणायचो, "शुक्र." तो जागा बदलायचा.

घरी आलो. मामाचा निरोप माझ्या आधी पोचलेला. आई चुलीपाशी होती. ती काही बोलायच्या आत मीच सुरू केलं, साक्षीच्या रीतीपासून, न ऐकलेला माणूसच का लागतो इथपासून. झाकण, काळा पत्रा, पीठ. आणि म्हणालो, "तर आई, त्यात मला दिसलं ते असं–"

"थांब!" आईनं दोन्ही कानांवर पदर दाबला.

"काय झालं?"

"सांगू नगंस. म्या ऐकलं की म्या बाद, व्हय ना?"

"तू?"

"का? सुईत दोरा अजून म्याच ववते घरात. तुझ्या भैनीला जमत न्हाई." तिनं पदर काढला नाही. "जल्मात कुनी कशाला बोलीवलं न्हाई मला साक्षीला. आट वर्सांनी म्या जाईन. तंवर तू तोंड मीट."

गेले काही दिवस मी तोंड मिटून आहे. हे माझ्यासाठी काय आहे ते मला ओळखणाऱ्यांना विचारा. जेवताना जिभेच्या टोकावर येतं, आई माझ्याकडं बघते, मी घास गिळतो. बहिणीला सांगून ठेवलंय, शेजारच्यांना सांगून ठेवलंय. शेंगावाला बाजारात भेटला, त्याच्याबरोबर जळकोटला निरोप धाडलाय की साक्षीदार ठरलाय, कळंबचीच बाई आहे, डोळे धड आहेत, आणि तिनं काहीही ऐकलेलं नाही.

बघितलेलं कुठंतरी बोलल्याशिवाय राहवेना, म्हणून इथं लिहिलं. आईला वाचता येत नाही. तुम्ही मात्र हे वाचलंत, तेव्हा मास्तरांच्या कामाला तुम्ही आता बाद. तरी जळकोटला जा, शिवाप्पांचा चहा प्या, पत्र्याच्या सावलीत बसून तो धागा बघा, नुसतं बघण्यासाठी. आणि वाटेत कळंबला आलात, आमच्या ओट्यावर टेकलात, तर आई पाणी घेऊन येईल, भाकरीला थांबा म्हणेल. तिच्याशी बाजाराचं बोला, ज्वारीचं बोला. शुक्राचं नाव काढू नका.